हत्तिणीला सोबत कुणाची? नांदणीच्या माधुरीच्या निमित्ताने

मुक्ता_सांगली (मूळ धागा)

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातली हत्तीण माधुरी, म्हणजे मठाची महादेवी, जुलै २०२५ मध्ये जामनगरच्या वनतारात, रिलायन्सच्या प्राणी केंद्रात गेली. तिला तिथे हलवण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश १६ जुलैला आला आणि महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: पदयात्रा, रिलायन्सच्या निषेधासाठी जिओचं सिमकार्ड बदलण्याची मोहीम, मग नांदणीतच हत्तींसाठी केंद्र उभारण्याचा ऑगस्टमधला प्रस्ताव. या सगळ्यात भांडण झालं ते हत्तीण कुणाची यावर. तिचा दिवस कसा जातो, यावर फार थोडे बोलले. मला तेच बोलायचंय.

हत्तीचा नर वयात आला की कळपाबाहेर पडतो. मादी मात्र जन्मभर आई, मावश्या, बहिणी यांच्यातच राहते. कळप चालवते ती सगळ्यात जाणती हत्तीण. आपल्याला ऐकूच येणार नाही अशा खर्जात त्या काही किलोमीटरवरूनही एकमेकींशी बोलतात. माधुरी १९९२ पासून मठात होती. इतकी वर्षं तिच्या हाकेला ओ द्यायला कोण होतं?

दुसरी गोष्ट खाण्याची. रानातला हत्ती दिवसाचे सोळा-सतरा तास खाण्यात घालवतो, तेही चालत, फांदी मोडत, साल सोलत, नको ते टाकत. आपण उसाचा भारा एकदम पुढ्यात टाकतो. तो काही तासांत संपतो. मग उरलेला दिवस काय करायचं? ती एका जागी उभी राहून डोलते. लोक कौतुकाने म्हणतात, "आरतीच्या तालावर डोलते बघा." रानातले हत्ती असे तासन्‌तास डोलत नाहीत. कोंडलेपणातून जडलेली ही सवय आहे आणि ती दिसली की काळजी वाटायला हवी.

प्रस्तावित केंद्राबद्दल मी जिथे जिथे चर्चा ऐकली तिथे तळं, वाळूचे ढीग, रबराची जमीन, लेझर उपचार यांचंच वर्णन होतं. सगळं हवंच आहे. पण सोबतीण कोण, हा प्रश्न पहिला हवा. एकटी हत्तीण तळ्यात उभी केली तरी ती एकटीच.

कृष्णाकाठचा

ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. आमच्या भागात लहान पोरं तिच्या सोंडेत केळं ठेवायला शिकली ती चालायला शिकली तेव्हाच. सणाला, लग्नकार्याला पहिला मान तिचा. मठात हत्ती ठेवायची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची. आणि तुम्ही म्हणता ती एकटी होती? रोज शेकडो माणसं तिला भेटत होती, माहूत तिच्याजवळच असायचा. तिला नेताना गाव रडत होतं.

उपचारात कमी पडलं असेल तर तसं सांगा, सुधारू. गोठा मोठा करू, जमीन देऊ. पण ओळखीची माणसं, ओळखीची बोली, ओळखीचं पाणी सोडवून हजार किलोमीटरवर नेणं यात कसलं कल्याण? जनावराला तोडल्याचा त्रास होत नाही का?

मुक्ता_सांगली

दादा, गावाच्या प्रेमावर मला शंका नाही. त्रास होतो, हेही खरं. म्हणूनच काम सावकाश करावं लागतं.

इस्लामाबादच्या प्राणिसंग्रहालयातला कावन बघा. १९८५ मध्ये श्रीलंकेहून पिल्लू असताना आणलेला. त्याची जोडीदार सहेली २०१२ मध्ये मेली, त्यानंतर तो आठ वर्षं एकटाच होता आणि सतत डोकं हलवत राहायचा. मे २०२० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्याला सोडायला सांगितलं. त्याला विमानाच्या पेटाऱ्यात शिरायची सवय लावावी लागली. अमीर खलील या पशुवैद्याने त्याच्याजवळ बसून, गाणी म्हणून, खाऊ देऊन त्याचा विश्वास मिळवला. नोव्हेंबरअखेर तो कंबोडियाला पोहोचला आणि तिथे कुंपणापलीकडच्या हत्तीच्या सोंडेला त्याची सोंड लागली. माणसाची माया इथे कामाला आली, ती त्याला त्याच्या जातीपर्यंत पोहोचवायला. माहुताच्या मायेला मी हीच जागा देते.

आणि भेटायला येणारी शेकडो माणसं ही सोबत नव्हे. ती येतात त्यांच्या वेळेला, जातात त्यांच्या वेळेला. रात्री बारा तास तिच्याजवळ कोण असतं?

पशुवैद्यक_नाशिक

दोघांनाही थोडा विरोध करतो. सोबत हवी हे बरोबर, पण दुसरी हत्तीण आणून शेजारी बांधली की सोबत झाली, असं नसतं. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातला शंकर झिम्बाब्वेहून राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मांना भेट म्हणून आलेला आफ्रिकी हत्ती. त्याची जोडीदार बंबई लवकर गेली. आशियाई हत्तींबरोबर त्याचं जमलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तो मेला तोवर अनेक वर्षं एकटाच होता. जात वेगळी, स्वभाव वेगळा.

माद्यांचंही तसंच. तीस-तीस वर्षं एकटं राहिलेल्या हत्तिणीला दुसरी समोर आल्यावर काय करायचं हेच कळत नाही. आधी लांबून वास, मग जाड खांबांच्या कुंपणातून सोंडेची भेट, मग दिवसा थोडा वेळ एकत्र. महिने जातात. कधी जमतच नाही, म्हणून दोन आवारं तयार ठेवावी लागतात.

आणि मुक्ताताई, "सोबत पहिली" हे मला डॉक्टर म्हणून मान्य नाही. पाय पहिले. माधुरीच्या बाबतीत न्यायालयासमोर आलेल्या अहवालांत पायांचं दुखणं, वाढलेली नखं, संधिवात होता. सिमेंटवर वर्षानुवर्षं उभं राहणारा, स्वतःच्या लघवी-शेणाच्या ओलाव्यात पाय ठेवणारा हत्ती पायातूनच संपतो. तळवा मऊ होतो, भेगा पडतात, पू होतो, मग भार दुसऱ्या पायावर. ज्या हत्तिणीला उभं राहणं दुखतं ती सोबतिणीशी काय खेळणार? माती, वाळू, झोपताना टेकायला मातीचा उंचवटा, रोज पाय तपासणं. तेही अंकुशाने नव्हे. कुंपणाच्या फटीतून पाय पुढे केला की बक्षीस, अशी सवय लावता येते.

चारा_पाणी_बारामती

मी दूधवाला आहे, हत्तीतलं कळत नाही. पण सोबतीच्या भांडणाबद्दल सांगतो. आम्ही दावणीच्या गाई मुक्तसंचार गोठ्यात सोडल्या तेव्हा पहिल्या आठवड्यात ढुशाच ढुशा. वडील म्हणाले, परत बांध. बांधल्या नाहीत. गाईंनी आपसात क्रम लावला, आणि नंतर ज्या दोघी एकमेकींना चाटत बसायच्या त्या दावणीला कायम चार गाई सोडून बांधलेल्या होत्या. आपल्याला पत्ताच नव्हता कोणाला कोण हवंय ते. खुरंही सुधारली. खर्च म्हणाल तर तारेचं कुंपण.

आलापल्ली_वनवाट

जामनगर आणि नांदणी सोडून तिसरं काही महाराष्ट्रात आहे, हे कुणालाच आठवत नाही. गडचिरोलीत कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. हत्ती एकत्र राहतात, जंगलात चरायला जातात. माहूत आणि चाराकटर त्यांना शोधून परत आणतात. हिवाळ्यात त्यांना कामातून सुट्टी असते आणि चोपिंग होतं. म्हणजे जडीबुटींचा लेप गरम करून पायांना शेक देतात. २०२२ मध्ये इथले हत्ती गुजरातला न्यायची गोष्ट निघाली तेव्हा लोकांनी विरोध केला.

लेझर नाही, रबर नाही. पण बांबू आहे, चिखल आहे, दुसरा हत्ती आहे. जंगल असताना "मन रमवण्याची साधनं" विकत घ्यावी लागत नाहीत. कमी आहे ती कायमस्वरूपी पशुवैद्याची आणि पैशांची. ते दिलं तर एकट्या हत्तींना इथे आणता येईल.

मुक्ता_सांगली

कमलापूरचा मुद्दा मनापासून पटला. फक्त चरायला सोडताना पायात साखळदंड असतो, तोही सुटायला हवा.

डॉक्टर, पायांबाबत वाद नाही. पण तुम्ही पाय बरे होईपर्यंत सोबत थांबवाल आणि पाय तर जन्मभर बघायचे आहेत. दोन्ही एकदम सुरू का नको?

अरण्यऋण

मला हा सगळा धागाच अस्वस्थ करतो. आपण कैद चांगली कशी करावी यावर बोलतोय. देशात सुमारे अडीच हजार हत्ती माणसाच्या ताब्यात आहेत. प्रत्येक एकटीला सोबतीण द्यायची म्हटलं की मागणी वाढणार, आणि ती पुरी कुठून होणार? ईशान्येच्या जंगलातून पिल्लं पकडून, खोट्या कागदांवर. विक्रीला बंदी आहे, पण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने "धार्मिक किंवा अन्य कारणासाठी" हत्ती हलवायला वाट करून दिलीच आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयांतून हत्ती हलवायचं ठरवलं ते याच समजुतीने की ही जागा त्यांची नव्हे. नांदणीत केंद्र झालं की उद्या प्रत्येक देवस्थान तळं बांधेल आणि हत्ती मागेल.

मुक्ता_सांगली

ही भीती खरी आहे, म्हणून अट घालते. सोबतीण फक्त आधीच ताब्यात असलेल्या, एकट्या पडलेल्या हत्तिणींतून. मालकी सरकारची, प्रत्येकीची सूक्ष्मचिप आणि डीएनए नोंद, प्रजनन नाही. एकट्या दोघींना एकत्र आणलं तर जंगलातून एकही पिल्लू यायला नको.

पण या अडीच हजारांतल्या बहुतेकांना रानात परत सोडता येणार नाही. त्यांतले कित्येक अजून तीस-चाळीस वर्षं जगतील. कैद वाईट, म्हणून तिच्यावर बोलायचंच नाही, हे मला जमणार नाही. कोल्हापूरच्या ज्योतिबा देवस्थानच्या सुंदर हत्तीला २०१४ मध्ये साखळ्यांतून सोडवून बंगळूरजवळ बन्नेरघट्ट्याला नेलं तेव्हाही रान मिळालं नव्हतं. मोकळे पाय आणि दुसरे हत्ती मिळाले. तो फरक त्याच्यासाठी किरकोळ नव्हता.

कृष्णाकाठचा

सोबतिणीचं मी कधी नाही म्हटलं? दुसरी आणा, तिसरी आणा, वैरण गाव घालेल. कुंपणाबाहेरून बघा म्हणालात तर तेही करू. पण वर्षातून एकदा पूजेला, मिरवणुकीला ती बाहेर येणार नाही असं म्हणाल तर मग ती मठाची राहिलीच कुठं?

मुक्ता_सांगली

वैरण आणि कुंपण तुम्ही मान्य केलंत, हे मोठं आहे. पूजा कुंपणाशी येऊन करा, तिला यावंसं वाटलं तर ती येईल. मिरवणुकीला मात्र माझा विरोध कायम राहील. तापलेलं डांबर, डॉल्बी, फटाके, आणि तेच पाय ज्यांबद्दल डॉक्टरांनी वर लिहिलंय. त्यांनीच सांगावं, वर्षातून एकदा चालेल का.

पशुवैद्यक_नाशिक

नाही चालणार. डांबरावर तर एकदाही नाही.