नडगीचं हाड उघडं पडलंय, फ्लॅप करावा का? अनुभव हवेत

कृष्णाकाठ
धाकट्या भावाला (वय २७) शनिवारी रात्री उसाच्या ट्रॉलीने उडवलं. डावी नडगी मधोमध मोडली, पुढची कातडी गेली. जखम धुऊन फिक्सेटर (हाड बाहेरून धरणाऱ्या सळ्या) लावलाय, वर व्हॅकचं मशीन, जखमेतलं पाणी ओढून घेणारं. केसपेपरवर ‘३ बी’ लिहिलंय, म्हणजे हाड उघडं पडलेल्या फ्रॅक्चरची गंभीर श्रेणी. इथले प्लास्टिक सर्जन म्हणतात, पोटरीतला सोलियस स्नायू वळवून हाडावर घालू (हाच फ्लॅप), त्यावर मांडीची कातडी. दुसरे डॉक्टर म्हणाले, वर्षभर हाल काढण्यापेक्षा गुडघ्याखाली कापा. आज चौथा दिवस. हाताशी तीन लाख. भाऊ टेम्पो चालवतो. नंतर पाय कसा राहतो?

रानवाटा
माझा २०१६ चा, हाच स्नायू. आज शेतात जातो, बुलेट चालवतो. पण फ्लॅप झाला म्हणजे सुटलात असं नाही. हाड जुळायला १४ महिने गेले, मध्ये कमरेचं हाड काढून भरावं लागलं. आधी नडगीवर पाव ठेवल्यासारखा फुगवटा होता, वर्षभरात बसला. तिथे स्पर्श अजून कळत नाही. गेल्या पावसाळ्यात गमबूट घासला, मोजा रक्ताने चिकटला तेव्हा समजलं. रोज रात्री हात फिरवून बघतो.

सुधीर_ठाणे
थेट कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलला न्या. अशा जखमांसाठी त्यांनी स्वतःचा स्कोअर बनवलाय. १४ पर्यंत पाय वाचवायचा, १७ आणि वर गेला तर कापण्याकडे कल. साडूला तिथेच नेलं होतं, आज क्रिकेट खेळतो. पैशाकडे बघू नका.

कृष्णाकाठ
दादा, तीनच लाख आहेत. त्यातले चाळीस हजार गेले.

वाटसरू
अवांतर: ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर होते का? गाळप सुरू झालं की आमच्या रस्त्याला दर आठवड्याला एक अपघात.

रानवाटा
सगळेच ट्रॉलीवाले तसे नसतात हो. माझ्या दोन्ही ट्रॉल्यांना पट्ट्या आहेत.

वाटसरू
तुमच्या असतील. बाकीच्यांचं काय? असो. एफआयआर झाला का? बिलं, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, मोटार अपघात दाव्यात लागतात.

जयंत_नाशिक
मी उलट सांगणार. पाच महिन्यांत चार ऑपरेशनं, पू थांबेना, शेवटी कापलाच. तीन महिन्यांनी कृत्रिम पायावर दुकानात उभा होतो. अमेरिकेत ५६९ जणांचा अभ्यास झाला, २००२ मध्ये छापून आला. दोन वर्षांनी वाचवलेला पाय आणि कापलेला पाय, दोघांचं चालणं-वावरणं जवळपास सारखं. पुन्हा भरती व्हावं लागलं ते वाचवलेल्यांना जास्त. पहिल्याच दिवशी कापला असता तर माझी दोन एकर राहिली असती.

अनुजा_फिजिओ
जयंतदादा, तुमचं दुःख कळतं. पण गुडघ्याखालचा पाय गेला की कृत्रिम पायाचा लायनर (आतला मऊ मोजा), सॉकेट (पाय बसतो तो साचा) बदलण्याचा खर्चही जन्मभराचा. कृष्णाकाठ, घोट्याकडे आजपासून लक्ष द्या. पंजा लोंबत राहिला तर टाच वर ओढली जाते आणि वाचलेला पायही जमिनीला नीट टेकत नाही. पंजा काटकोनात राहील असा आधार मागून घ्या. सोलियस गेल्यावर चढावर जोर कमी पडतो, पण पोटरीतला दुसरा मोठा स्नायू राहतो. टेम्पोचा क्लच डाव्या पायाचा, तो सवयीने जमतो.

सिस्टर_आशा
प्लास्टिक वॉर्डात २२ वर्षं काढली. तंबाखू बंद म्हणजे बंद! निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, कडा काळ्या पडतात. मित्र गुपचूप पुडी आणून देतात, लक्ष ठेवा. आणि वेळ घालवू नका. गोडिना नावाच्या सर्जननी १९८६ मध्येच ५३२ रुग्णांवरून दाखवलं होतं, ७२ तासांच्या आत झाकलेल्या जखमा सगळ्यात कमी चिघळल्या. व्हॅकमुळे आता थोडी सवड मिळते, पण हाड उघडं ते उघडंच.

मंदार७७
सुधीर यांना +१. नाहीतर किमान पुणे-मुंबई. लहान गावात प्लास्टिक सर्जरी नको.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. कुठेही हलवत नाही आणि कापतही नाही. सर्जनना सरळ विचारलं, असे किती केलेत? त्यांनी मोबाइलवर आधीच्या तीन रुग्णांचे पाय दाखवले, एकाला फोन लावून दिला. अर्धा तास बोललो. तो माणूस पिठाची गिरणी चालवतो, संध्याकाळी पायाला सूज येते म्हणाला, पट्टी बांधतो. भावालाही विचारलं, तो म्हणाला पाय ठेवा. आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड दिलंय, जनआरोग्य योजनेत बसलं तर बरंच.

आशाताई, उशीखाली पुडी सापडली. फेकली.

उद्या सकाळी पहिली केस. पोटरीवर जांभळ्या पेनाने रेघ आखून गेलेत.