जड क्रूडमधलं व्हॅनेडियम आयसीपीवर कमी येतंय

निकेल_६०:
जड क्रूडमधलं व्हॅनेडियम, निकेल, लोह आणि सोडियम आयसीपी-ओईएसवर (नमुना प्लाझ्मात फवारून, निघणाऱ्या प्रकाशावरून धातू मोजणारं यंत्र) मोजायचं आहे. नमुना वजनाने १० पट केरोसिनमध्ये डायल्यूट करून थेट देतो. व्हॅनेडियम २०० पीपीएमच्या आसपास अपेक्षित आहे, येतं १६०-१७०, आणि रन लांबला की आणखी उतरतं. हलक्या क्रूडला हीच पद्धत नीट चालते. सोडियमचे तर दोन रीडिंग एकमेकांशी जुळत नाहीत. ॲसिड डायजेशनकडे (नमुना ॲसिडने फोडून द्रावण करणं) वळावं का?

तळगाळ:
आधी केरोसिन बंद करा. व्हॅनेडियम-निकेलचा मोठा वाटा अस्फाल्टीनमध्ये (क्रूडमधले सर्वांत जड, डांबरासारखे घटक) असतो, आणि पॅराफिनी द्रावकात अस्फाल्टीन विरघळून राहत नाही. तुमचं व्हॅनेडियम बाटलीच्या तळाशी बसतंय. हलक्या क्रूडमध्ये अस्फाल्टीन फारसं नसतं, म्हणून तिथे काही बिघडत नाही. डायल्यूट केलेली बाटली तासभर ठेवून हळूच आडवी करा, तळाला काळे कण काचेला चिकटलेले दिसतील.

झायलीन घ्या. मात्र पंपाची पीव्हीसी नळी त्यात फुगते आणि फ्लो बदलत जातो, तेव्हा व्हिटॉनची लावा. इंटर्नल स्टँडर्ड (सगळ्या द्रावणांत सारखाच घालायचा तुलनेचा धातू) म्हणून यिट्रियम थेट द्रावकाच्या साठ्यातच मिसळून ठेवा, म्हणजे ब्लँक (कोरं द्रावण), स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचं द्रावण), नमुना सगळ्यांत सारखंच जाईल. स्टँडर्ड तेलात विरघळणारे हवेत, आणि त्यांत कोरं बेस ऑइल घालून तेलाचं एकूण प्रमाण १० टक्के करा. नाहीतर चिकटपणा वेगळा पडतो आणि नेब्युलायझर (नमुन्याचा फवारा करणारा भाग) तितका फवारत नाही.

रन लांबल्यावर आकडा उतरतो त्याला इंजेक्टरच्या (फवारा प्लाझ्मात सोडणाऱ्या नळीच्या) टोकावरचा कार्बनही कारण असू शकतो. सॅम्पल फ्लो कमी करा, ऑक्झिलरी गॅस वाढवा, स्प्रे चेंबर थंड ठेवा. सोय असेल तर थोडा ऑक्सिजन सोडा.

खारंपाणी:
सोडियमचं दुखणं निराळं आहे. ते तेलात विरघळलेलं नसतं, खाऱ्या पाण्याच्या बारीक थेंबांत असतं. वजनासाठी काढलेल्या तेलात एखादा थेंब जास्त आला की आकडा उडी मारतो. लोहाचंही काही प्रमाणात तसंच, पाइपलाइनच्या गंजाचे कण असतात. बंद बाटली ६० अंशांपर्यंत गरम करा, जोरात हलवा आणि थेंब खाली बसायच्या आत लगेच वजन करा. बाटली काठोकाठ भरलेली असेल तर हलवून काही उपयोग नाही. इतकं करूनही नमुने जुळले नाहीत, तर सोडियमसाठी डायल्यूशनवर विसंबू नका.

राखभट्टी:
डायजेशन करायचंच तर एएसटीएम डी५७०८ या प्रमाणित चाचणीची बी पद्धत पाहा. नमुना सल्फ्युरिक ॲसिडबरोबर कोरडा होईपर्यंत तापवायचा, उरलेला कार्बन ५२५ अंशांवर मफल फर्नेसमध्ये जाळायचा, राख पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये घ्यायची. सल्फ्युरिक वगळून थेट जाळू नका, पॉर्फिरिनमधला (धातू धरून ठेवणाऱ्या सेंद्रिय रेणूंमधला) धातू वाफेबरोबर निघून जातो. तापवण्याची घाईही नको. फेस उसळून बाहेर गेला की तो नमुना फुकट गेला. पाऱ्यासाठी ही वाट नाहीच, तो पूर्ण उडतो. त्याला थेट ज्वलन आणि कोल्ड व्हेपर (पाऱ्याची वाफ मोजण्याची पद्धत) लागतं.

मायक्रोवेव्हमध्ये वेळ वाचतो, पण क्रूड ०.२ ते ०.३ ग्रॅमच घ्या. जास्त घेतलं तर वायूचा दाब झपाट्याने चढतो. पुढे आयसीपी-एमएस (वस्तुमानावरून धातू ओळखणारं यंत्र) वापरणार असाल तर खाऱ्या पाण्यातलं क्लोरीन ऑक्सिजनशी जुळून नेमकं ५१ वर, व्हॅनेडियमच्याच वस्तुमानावर येतं. हा खोटा सिग्नल गाळणारा हेलियम कोलिजन सेल चालू ठेवा.

निकेल_६०:
झायलीनवर गेल्यावर रिकव्हरी (असलेल्यापैकी किती धातू मोजला जातो ते) कशावर तपासू?

तळगाळ:
एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेचा प्रमाणित संदर्भ नमुना, एसआरएम १६३४सी, घ्या. ते फ्युएल ऑइल आहे, व्हॅनेडियम सुमारे २८ आणि निकेल सुमारे १७.५ मिलिग्रॅम प्रति किलो. स्टँडर्ड घालून केलेली स्पाइक रिकव्हरी यात फसवते. घातलेला धातू द्रावकात मोकळा असतो, अस्फाल्टीनमध्ये अडकलेला नसतो. केरोसिनमध्येही ती १०० टक्क्यांच्या जवळ दिसू शकते.