मदत हवी आहे: फासा चारदा टाकला तर सहा येण्याची संभाव्यता?

दारव्ह्याकडचा
राजेहो, लवकर सांगा. एकदा टाकला तर १/६, मग चारदा टाकला तर ४/६ म्हणजे २/३ ना? पुस्तकात मागे भलतंच उत्तर आहे. रात्री थ्रीफेज आली की ओलिताले जायचं आहे, त्याच्या आत पाहिजे.

गणितवेडी
भलतंच म्हणजे किती? आणि सहा नेमका एकदाच, की किमान एकदा?

दारव्ह्याकडचा
६७१/१२९६. सहा आला म्हणजे आला, त्यात एकदा काय न् दोनदा काय!

गणितवेडी
सगळी गोम तिथंच आहे. नेमका एकदाच असता तर ५००/१२९६. तुमचं ‘किमान एकदा’ आहे. चारही वेळा सहा न येण्याची संभाव्यता ५/६ चारदा गुणून ६२५/१२९६. ती १ मधून वजा करा.

कपाशीवाला
थ्रीफेज किती वाजता येते तुमच्याकडं? आमच्या फिडरवर रात्री दोनले.

शिकवणीवाला
वजाबाकी कशाले? झाडाची आकृती काढा. माह्या पोरायले तेच समजते.

गणितवेडी
चार फेकींच्या १२९६ फांद्या वहीत मावतील का?

शिकवणीवाला
सगळे आकडे काहून काढता? ‘सहा’ आन ‘सहा नाई’, दोनच फांद्या. चार फेकीत सोळा टोकं. त्यातल्या एकाच टोकावर सहा नाई.

खाकी_स्वप्न
भरतीची तयारी असेल तर हे सोडा. शेकडेवारी, काळ-काम-वेग पक्कं करा.

दारव्ह्याकडचा
भरती नाई, बहिणीची बारावी आहे. बेरीज काहून चालत नाई, थे कोणीच सांगून नाई राहिलं!

गणितवेडी
सहादा टाकला तर तुमच्या बेरजेनं ६/६, म्हणजे सहा हमखास. सापशिडीचा फासा घ्या, सहा-सहा फेकींचे डाव टाका. साधारण तीनातल्या एका डावात सहा दिसणारच नाही. ज्या डावात सहा दोनदा येतो, तो बेरजेत दोनदा मोजला जातो, म्हणून उत्तर फुगतं.

लुडोप्रेमी
तीनदा नाही आला की चौथ्यांदा येतेच. अनुभव आहे.

गणितवेडी
नाही. चौथ्या फेकीलाही १/६च.

जुने_मास्तर
हा प्रश्न फार जुना आहे. फ्रान्सच्या द मेरे नावाच्या जुगाराच्या शौकिनानं जुगारातले असेच प्रश्न गणिती पास्कलपुढे ठेवले. १६५४ मध्ये पास्कल आणि दुसरा गणिती फर्मा यांचा त्यावर पत्रव्यवहार झाला. एका फाशाच्या चार फेकी, किंवा दोन फाशांच्या चोवीस फेकींत सहा-सहाची जोडी. बेरजेनं ४/६ आणि २४/३६ सारखेच, पण किमान एकदा येण्याची संभाव्यता पहिल्यात सुमारे ०.५१८, दुसऱ्यात ०.४९१.

दारव्ह्याकडचा
पुस्तकात पुढचं गणित हेच आहे! चोवीसदा गुणायचं का आता?

गणितवेडी
आधी सांगायचं ना! प्रश्नात दशांश मागितला नसेल तर गुणू नका. १ वजा ३५/३६ चा २४ वा घात, एवढंच लिहू द्या तिला.