मरळीसाठी जिवंत मासोळी: गळ आणि दोरी

सांगलीच्या खाली कृष्णेच्या डोहात मरळीसाठी गळाला लावलेली जिवंत मासोळी दहा मिनिटांत मरते म्हणताय, म्हणजे गळ बहुतेक कण्याला लागतोय. पाठीवरच्या पराच्या बुडाशी कातडं आणि जरासंच मांस धरून ओवा. बोटाएवढी मासोळी पुरे, गळ १/० मापाचा. जाड गळाच्या वजनानंच ती दमते. मोकळ्या पाण्यात ०.४० मिमी नायलॉन चालतं. जलपर्णीच्या कडेला मात्र ३० पौंड ताण झेलणारी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरीच घ्या, नाहीतर मरळ आत घुसली की तुटलंच म्हणून समजा. बोया (तरंगणारी खूण) गळापासून दोन फुटांवर, वजनाचं शिसं अगदी नावाला. बोया बुडाला की लगेच हिसका नको: मरळ आधी मासोळी तोंडात धरून सरकते, मग गिळते. दोरी ताठ झाली की हिसका मारा. मासोळ्या ठेवायच्या बादलीत नदीचंच पाणी, बादली सावलीत. आठ-दहापेक्षा जास्त मासोळ्या कोंबू नका.