गोव्याच्या दमट हवेत पर्शियन मांजर पाळावं का?

फोंड्याची माऊवाली:
चवथीला भाचा आला आणि आमच्या पर्शियन बोक्याला बघून हट्ट धरून बसला, मला पण असंच पाहिजे. वहिनीने विचारलं, कितीला पडलं, कुठे मिळेल? मी सरळ सांगितलं, आणू नकोस. ती फुगली. आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

बोका पाच वर्षांचा. स्वभाव सोन्यासारखा. कपाटावर उड्या नाहीत, आरडाओरडा नाही, सोप्यावर पसरून बसतो. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या साड्यांनाही बुरशी येते, तिथे दुहेरी केसांच्या या गोळ्याचं काय होणार? दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या कानामागे रुपयाएवढं टक्कल पडलं, वर खपल्या. गजकर्ण! आठवड्याभरात माझ्या कोपरावर तसंच चकंदळ उठलं. दीड महिना औषध, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात, रोज फरशी. शिवाय रोज पंधरा मिनिटं विंचरणं आणि डोळ्यांखालचे तपकिरी ओघळ ओल्या कापसाने पुसणं आहेच.

म्हापशेकर:
बाय, पटलं नाही. हवेला कशाला दोष? गजकर्ण गावठी पिल्लांनाही होतं. माझ्याकडे दोन पर्शियन आहेत. पावसात अंघोळ घातली की ड्रायरने मुळापर्यंत वाळवतो, खोलीत डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) लावतो, मे महिन्यात पोटाखालचे केस मशीनने बारीक करून घेतो. आठ वर्षांत एकदाही त्वचेचा त्रास नाही. ज्याला वेळ नाही त्याने कुठलंच जनावर पाळू नये, एवढंच म्हणा ना.

फोंड्याची माऊवाली:
म्हापशेकरबाब, तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे ना? आमच्याकडे पहिल्या वळवाला जी वीज जाते ती रात्री कधीतरी येते. तुमचं डीह्युमिडिफायर तेव्हा काय करतं? पोटाखालचं ठीक, पण उन्हाळ्यात अख्खं मांजर भादरणारेही आहेत. केस गेले की कातडीला ऊन थेट लागतं.

डिचोलीकर:
तुम्ही दोघे केसांवर भांडताय, खरी गोम तोंडात आहे. बाजारात चपट्या तोंडाच्या ‘पंच फेस’ला साध्या, नाक वर असलेल्या ‘डॉल फेस’पेक्षा जास्त भाव. नाक डोळ्यांच्या रेषेत चेपलेलं, म्हणून अश्रूंची नळी वाकडी, म्हणून ते ओघळ. नाकपुड्या अरुंद, जबड्यात दातांची दाटी. उकाड्यात असं मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ‘गरम होतंय बिचाऱ्याला’ म्हणून पंखा लावून बसू नका, डॉक्टर गाठा.

दुसरं, मूत्रपिंड. या जातीत पीकेडी नावाचा आनुवंशिक आजार आहे, मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात. आई-बापांपैकी एकाकडून सदोष जनुक आलं तरी पुरे, म्हणजे दोघांतलं एक जरी आजारी असलं तरी सरासरी निम्मी पिल्लं तावडीत सापडतात. गाठी जन्मापासूनच असतात, पण त्रास बहुधा सहा-सात वर्षांनी दिसतो. तोवर विकणारा कुठला आणि तुम्ही कुठले! जनुकातला दोष २००४ साली सापडला, गालाच्या आतून बोळा फिरवून तपासणी होते. आई-बापांचा तो अहवाल मागा. वंशावळीचा कागद चकचकीत असला म्हणून मूत्रपिंड चांगलं ठरत नाही.

म्हापशेकर:
हे मान्य. मी पहिलं आणलं तेव्हा विचारलं नव्हतं. उद्या सोनोग्राफी करून घेतो.

मडगांवची मावशी:
अरे पण विकत कशाला? मासळी बाजाराच्या मागे पावसाआधी केवढी पिल्लं फिरतात. एक उचला, बांगड्याची डोकी घाला, मजेत राहतं. आमचं काळं-पांढरं चौदा वर्षं जगलं. फणी नाही, ड्रायर नाही.

डिचोलीकर:
मावशी, पिल्लू आणण्याचं शंभर टक्के पटलं. बांगड्याचं मात्र जपून. नुसत्या बांगड्या-तारल्यांवर ठेवलं तर ई जीवनसत्त्व कमी पडून मांजराच्या अंगातली चरबी सुजते, हात लावू देत नाही. अधूनमधून घाला. आणि लस गावठीलाही द्यावीच लागते.

मडगांवची मावशी:
आमच्याला भातही असायचा हो! चवथीत मासळी बंद, तेव्हा वरण-भाताला तोंड लावायचं नाही, शेजारी जाऊन जेवून यायचं.

फोंड्याची माऊवाली:
ताजी खबर. वहिनीशी वाद नको म्हणून बोकाच आठ दिवस तिच्याकडे दिला. बरोबर स्टीलची फणी, कापूस, वाडगा. तिसऱ्या दिवशी फोन. भाचा विंचरायला कंटाळला आणि बोक्याच्या काखेत जट झाली. ‘कात्रीने कापू काय गो?’ म्हणते.

म्हापशेकर:
कात्री नको! काखेतली कातडी जटेबरोबर वर ओढली जाते, कापली जाईल. थोडं कॉर्नफ्लॉवर चोळायचं आणि बोटांनी टोकाकडून सोडवत यायचं.

फोंड्याची माऊवाली:
हेच सांगितलं. म्हटलं, कात्री खाली ठेव, मी स्कूटर काढते.