स्वयंसेवकांच्या गटात सॅक कशी भरावी, आणि गटाचं सामान कोणी उचलावं?

ओंजळ

नमस्कार. ओढे, नदीकाठ, टेकड्या अशा जागी कचरा उचलणारा आमचा १२ जणांचा गट आहे. एका वेळी साधारण ५ तास काम चालतं आणि त्यात २-३ किलोमीटर चालणं होतं. सॅक मात्र जो तो आपल्या मनाने भरून आणतो. मग हातमोजे ढीगभर होतात आणि कात्री एकाकडेही नसते. प्रथमोपचाराची पेटी एकच, आणि ती ज्याच्याकडे असते तो नेमका दुसऱ्या टोकाला. काही सॅक ९-१० किलोंच्या असतात. दोन तासांत खांदे भरून आले की त्या झाडाखाली ठेवून माणसं पुढे जातात, म्हणजे सामान असून नसल्यासारखंच.

प्रत्येकाकडे किमान काय असावं, गटाचं सामान कसं वाटावं आणि सॅक कोणती घ्यावी, हे जाणकारांनी सांगावं.

पायवाट

यादी बाजूला ठेवा, आधी वजन ठरवा. यादी करायला बसलं की प्रत्येक वस्तू गरजेचीच वाटते. नुसतं चालायचं असेल तर ८-९ किलो निभावतात. कचरा उचलताना मात्र माणूस सतत वाकतो, आणि दर वेळी उठताना सॅकचं ओझं कमरेवर येतं. अशा कामाला मी साडेपाच किलोंची मर्यादा धरतो.

हिशेब असा: रिकामी सॅक ८०० ग्रॅम, २ लिटर पाणी म्हणजे २ किलो, रेनकोट ३०० ग्रॅम, खाणं ४०० ग्रॅम, आणि हातमोजे, टोपी, बॅटरी, शिट्टी असं किरकोळ मिळून ५०० ग्रॅम. झाले ४ किलो. वरचा दीड किलो गटाचा. तो आपल्या हौशीच्या वस्तूंनी भरायचा नाही, हे सगळ्यांना आधीच स्पष्ट सांगा. घरच्या वजनकाट्यावर एकदा सॅक घेऊन आणि एकदा सॅकशिवाय उभं राहिलं की वजन कळतं.

वाटणी जोड्यांप्रमाणे करा. १२ जण म्हणजे ६ जोड्या. जी वस्तू नसेल तर काम थांबतं किंवा कोणाच्या जिवावर बेततं, ती दोन सॅकमध्ये हवी. एक सॅक पुढच्या जोडीची, दुसरी मागच्या जोडीची. प्रथमोपचार, सापडलेल्या काचा-सुया टाकायची बाटली, लांब चिमटा आणि कात्री या चार गोष्टी अशा दुहेरी. पॉवर बँक, जादा गोण्या, नोंदवही हे सगळं एकेकच पुरे. डक्ट टेपचं अख्खं रीळ नेऊ नका, २ मीटर टेप पाण्याच्या बाटलीला गुंडाळून ठेवा.

आणि गटाच्या वस्तूंची जागा सगळ्यांच्या सॅकमध्ये एकच असू द्या. शिट्टी छातीच्या पट्ट्याला, प्रथमोपचार सर्वांत वर, कात्री पुढच्या छोट्या कप्प्यात. गटाची वस्तू ज्या कप्प्यात असेल त्याच्या चेनच्या टोकाला लाल चिकटपट्टी लावा. जखमी माणसाची सॅक बहुतेक वेळा दुसऱ्यालाच उघडावी लागते, आणि तेव्हा ‘कुठे ठेवलंय रे?’ असं विचारायची सोय नसते.

शिट्टीच्या खुणा निघण्याआधी ठरवा: एक म्हणजे थांबा आणि बघा, दोन म्हणजे माझ्याकडे या, तीन म्हणजे मदत हवी.

पट्टीबंधन

पायवाट यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. प्रथमोपचाराच्या दोन पूर्ण पेट्या नेल्या की दोन्ही अर्धवट राहतात, कारण संपलेलं सामान दोन्हीत भरायला कोणी बसत नाही. एकच पूर्ण पेटी ठेवा, ती प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडे द्या आणि त्याची जोडी ओळीच्या मध्यभागी चालवा. बाकी प्रत्येक जोडीकडे तळहाताएवढी पुडी: निर्जंतुक गॉज ४, ७-८ सेंटिमीटर रुंदीची रोलर पट्टी १, चिकटपट्ट्या ६, नायट्राइल (दवाखान्यात वापरतात तसल्या पातळ) हातमोज्यांचा १ जोड. रक्त वाहत असेल तर पेटी येईपर्यंत एवढं पुरतं. गॉज ठेवून सलग १० मिनिटं घट्ट दाबायचं. थांबलं का म्हणून मधेच उचलून पाहिलं की धरलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पेटीच्या चेनची दोन टोकं बारीक केबल टायने (वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने) बांधा. टाय शाबूत असेल तर पेटी पूर्ण आहे. तुटलेला दिसला तर कोणीतरी उघडलीय, म्हणजे आत काय कमी झालंय ते बघायचं. टाय हाताने ओढून तुटेल इतका बारीक घ्या. जाड घेतला तर ऐन वेळी कात्री शोधत बसाल.

काचा आणि सुया यांबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. नायट्राइल हातमोजा सुई अडवत नाही. काच कापू नये म्हणून मिळणारे विणलेले हातमोजेही बहुतेक वेळा सुई अडवत नाहीत, कारण ती दोन धाग्यांच्या मधून आत शिरते. म्हणून सुईला हात लावायचाच नाही, चिमटा वापरायचा. जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली जमिनीवर ठेवायची, हातात धरायची नाही. सुई टोकाकडून आत सोडायची, टोपण परत बसवायचं नाही, आणि बाटली पाऊण भरली की बंद. गोणीतला कचरा पायाने किंवा हाताने दाबायचा नाही. गोणी दोन तृतीयांश भरली की तोंड बांधायचं आणि अंगापासून लांब धरून न्यायची. मांडीला घासत नेलेल्या गोणीतूनच काच लागते.

तरीही सुई टोचलीच, तर जखम पिळायची नाही, चोखायची नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली.

ओआरएसची १ लिटरची २ पाकिटं पेटीत असू द्या. इथे एक चूक नेहमी दिसते. बाटली ७५० मिलिलिटरची असते आणि पाकीट अख्खं ओतलं जातं. द्रावण जास्त दाट झालं तर त्याने अपाय होऊ शकतो. म्हणून पाकीट ज्या जोडीकडे असेल तिच्याकडे बरोबर १ लिटरची बाटली हवी.

सुईदोरा

सॅकबद्दल मी सांगतो. २० ते २५ लिटर पुरे. मोठी सॅक घेतली की ती भरली जातेच. बाहेर दहा कप्पे नि जाळ्या असलेली सॅक झुडपात अडकते, शिवाय वस्तू कुठल्या कप्प्यात ठेवली ते आठवत नाही. एक मोठा कप्पा, एक छोटा, दोन्ही बाजूंना बाटलीची जागा, बस.

विकत घेताना खांद्याचा पट्टा जिथे सॅकला शिवलेला असतो ती जागा उलटून बघा. टाका एकाच रेघेत गेलेला असेल तर ठेवून द्या. चौकोन आणि आत फुली, अशी दाट शिवण हवी. सॅक बहुतेक वेळा इथेच उसवते, कारण भरलेली सॅक आपण एका पट्ट्याला धरून खेचतो. उचलायला वरची मूठ असते, तीच वापरायची.

भरताना जड वस्तू पाठीलगत आणि पाठीच्या मधोमध. पाण्याची बाटली पुढच्या कप्प्यात गेली की सॅक मागे ओढते आणि माणूस नकळत पुढे झुकून चालतो. पट्टे आवळायचाही क्रम आहे: सगळे सैल करून सॅक चढवा, आधी कमरेचा, मग खांद्याचे, शेवटी छातीचा. छातीचा पट्टा वजन पेलत नाही, तो खांद्याचे पट्टे घसरू देत नाही एवढंच. पूर्ण श्वास घेता आला पाहिजे इतपतच आवळा. आत ताठ फ्रेम नसलेल्या सॅकचा कमरेचा पट्टाही फारसं वजन घेत नाही, पण वाकताना सॅक डोक्यावर येत नाही, म्हणून या कामात तो हवाच.

पट्टा पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर बक्कल टाकून देण्याआधी जुन्या टूथब्रशने धुवून बघा. दातऱ्यांत चिखल आणि बारीक वाळू बसली की पकड जाते. चेन बंद होऊनही मागून उघडत असेल तर दात नव्हे, सरकता तुकडा सैल झालेला असतो. पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा किंचित, अगदी केसभर दाबा. जोरात दाबलं तर तो मोडतो.

पावसात वरच्या कव्हरवर विसंबू नका. पाणी मानेवरून पाठीकडच्या बाजूने आत येतं आणि तिथे कव्हर नसतं. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी, तोंड पिळून दुमडलेलं. काम झाल्यावर सॅक रिकामी करा, उलटी करून झटका आणि सावलीत वाळवा. ओलसर सॅक घडी करून ठेवली की आतला थर हळूहळू चिकट होतो आणि पापुद्रे सुटायला लागतात. मग त्याला इलाज नाही.

ओंजळ

फार उपयोगी. केबल टाय आणि जोड्यांची वाटणी याच वेळी सुरू करू. एक अडचण राहिली. दर वेळी ३-४ जण पहिल्यांदाच येतात, बरेचदा हात हलवत, किंवा खांद्याला कापडी पिशवी अडकवून. त्यांच्याकडे काय द्यायचं?

पायवाट

त्यांच्याकडे गटाची कुठलीच दुहेरी वस्तू देऊ नका. ते मधूनच निघून जाऊ शकतात आणि वस्तूही त्यांच्याबरोबर जाते. रिकाम्या गोण्या आणि स्वतःचं पाणी, एवढंच. एका खांद्याची पिशवी वाकलं की पुढे झुलते, म्हणून गटाने ३-४ जुन्या सॅक राखीव ठेवाव्यात. दोरीने तोंड आवळायच्या पातळ पिशव्या नकोत, त्यांच्या दोऱ्या २ किलोंनाही खांद्यात रुततात. नव्या माणसाची जोडी जुन्याशी लावा, आणि निघण्याआधी त्याला जोडीदाराची सॅक एकदा उघडून पुडी बाहेर काढायला सांगा. सांगून लक्षात राहत नाही, काढून पाहिलं की राहतं.

पट्टीबंधन

त्याच वेळी हातमोजे मापाचे आहेत का तेही बघा. मोठा हातमोजा बोटांच्या टोकाशी दुमडतो, चिमट्यावर पकड बसत नाही आणि नवा माणूस तो काढून खिशात ठेवतो. तीन मापांचे दोन-दोन जोड जादा ठेवले की हा प्रश्न मिटतो.