'अमेरिकेने एकीने इंग्रजांना हरवलं, आपण फुटीरपणाने हरलो': १८१२ च्या युद्धाबद्दलच्या या पोस्टला उत्तर

तापीकाठ

परवा 'शंखनाद' यांनी इथे लिहिलं की १८१२ ते १८१५ या काळात अमेरिकेने जमिनीवर आणि समुद्रावर इंग्रजांना दुसऱ्यांदा धूळ चारली, तो त्यांचा दुसरा स्वातंत्र्यसंग्राम; आणि तीनच वर्षांनी, १८१८ ला, आपण राज्य घालवून बसलो, कारण त्यांच्यात एकी होती आणि आपल्यात नव्हती. खाली शंभरेक लोकांनी हात जोडले आहेत. चार ओळींत उत्तर देऊन गप्प बसणार होतो, पण राहवलं नाही.

एकी? युद्ध पुकारायचा ठराव त्यांच्या प्रतिनिधिगृहात ७९ विरुद्ध ४९ आणि सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३ मतांनी झाला. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्येकडच्या, राज्यांनी आपली मिलिशिया (राज्यांची नागरी फौज) द्यायला नकार दिला. कॅनडातल्या क्वीन्स्टन हाइट्सच्या लढाईत, ऑक्टोबर १८१२ मध्ये, न्यूयॉर्कची मिलिशिया नायगरा नदीच्या अमेरिकेकडच्या काठावर उभी राहून पलीकडची लढाई बघत होती; सीमा ओलांडायला आम्ही बांधील नाही म्हणाली. कॅनडाचा इंग्रज गव्हर्नर जनरल प्रीव्होस्ट याने १८१४ मध्ये लंडनला कळवलं की माझ्या फौजेपैकी दोन तृतीयांश लोक अमेरिकन ठेकेदारांनी पुरवलेलं मांस खातात, आणि ते मुख्यतः व्हरमाँट आणि न्यूयॉर्कमधून येतं. युद्ध चालू असताना! वर्षअखेरीला हार्टफर्डला न्यू इंग्लंडचे पुढारी जमले आणि तिथे संघराज्यावरच्या तक्रारींची यादी झाली. आपल्याकडच्या सरदारांनी यापेक्षा वेगळं काय केलं?

फरक होता नेपोलियनचा, आणि तीन हजार मैल समुद्राचा. १८१४ च्या वसंतात नेपोलियन पडला, इंग्रजांचे हात मोकळे झाले, आणि २४ ऑगस्टला त्यांनी वॉशिंग्टनमध्ये घुसून राष्ट्राध्यक्षाचं घर आणि संसद जाळली. आपल्या दाराशी मात्र कलकत्ता, मद्रास, मुंबई अशी तीन ठाणी कायमची बसलेली होती. मराठ्यांना 'एकी नव्हती' म्हणून दरवेळी मुस्काटात मारायची ही सवय मला सहन होत नाही.

शंखनाद

तापीकाठ साहेब, आकडे वाचले. पण शेवटी काय झालं ते बघा. कॅनडातून इंग्रजांना हाकलता आलं नाही हे खरं, पण अमेरिकेची एक इंचही जमीन गेली नाही. न्यू ऑर्लिन्सला ८ जानेवारी १८१५ रोजी अँड्र्यू जॅक्सनने इंग्रजांची दोन हजारांच्या आसपास माणसं मारली, जखमी केली, पकडली. त्यांचा सेनापती पॅकनहॅम तिथेच पडला. हा पॅकनहॅम वेलिंग्टनचा मेहुणा. त्या वेलिंग्टनने असईला आपल्याला हरवलं होतं. देश टिकला याला मी विजय म्हणतो. आपल्याकडे पेशवाई टिकली का?

उत्तरवारा

मी टोरोंटोत राहते. माझ्या मुलीच्या शाळेत हे युद्ध 'आपण जिंकलो' असं शिकवतात. तिने घरी येऊन सांगितलं की अमेरिकेने यॉर्क जाळलं, म्हणजे आजचं टोरोंटो, एप्रिल १८१३ मध्ये. वॉशिंग्टनची आग सगळ्यांना माहीत. आधी कुणी काय जाळलं ते कुणी विचारत नाही. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत कॅनडातलं न्यूअर्क गाव जाळून बायकामुलांना बर्फात बाहेर काढलं, तेही अमेरिकेच्या बाजूनेच. शंखनाद, चढाई करून गेलेला जमीन न घेता परत आला तर तो जिंकला कसा? 'कॅनडा घेणं म्हणजे नुसती चाल करून जायचं काम' असं अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष जेफर्सन लिहून बसला होता.

बाल्टिमोरकर

उत्तरवारा ताई, जाळपोळ दोन्हीकडून झाली, मान्य. पण युद्धाचं कारणच तुम्ही सगळे गाळताय. इंग्रजांचं आरमार भर समुद्रात अमेरिकन जहाजं अडवून खलाशी उचलून नेत होतं, हजारोंनी. १८०७ मध्ये इंग्रजांच्या लेपर्ड जहाजाने अमेरिकेच्या चेसापीक जहाजावर तोफा डागून चार माणसं नेली, तीही अमेरिकेच्या किनाऱ्यालगत. कुठला स्वाभिमानी देश हे सहन करेल?

आईबाबा आले होते तेव्हा त्यांना बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री किल्ल्यावर घेऊन गेलो. सप्टेंबर १८१४ मध्ये इंग्रजांनी या किल्ल्यावर जवळजवळ पंचवीस तास बाँब टाकले आणि सकाळी झेंडा तसाच फडकत होता. बाबा सैन्यात होते, ते तटावर बराच वेळ काही न बोलता उभे राहिले. मला तरी तिथे हे युद्ध बरोबरीत सुटल्यासारखं वाटलं नाही.

तापीकाठ

बाल्टिमोरकर, खलाशी उचलण्याचा जुलूम खराच. पण युद्ध मिटवणाऱ्या घेंटच्या तहात (२४ डिसेंबर १८१४) त्या खलाशांबद्दल एक अक्षर नाही. ज्यासाठी लढलो म्हणता ते तहात नाही, आणि सीमा होती तिथेच. अमेरिकेचा व्यापार अडवणारे हुकूम, म्हणजे युद्धाचं दुसरं कारण, ते तर लंडनने युद्ध पुकारल्यावर पाचव्या दिवशी मागे घेतले होते. बातमी पोचायला आठवडे लागले. न्यू ऑर्लिन्सची लढाई तहावर सह्या झाल्यानंतरची आहे, हेही शंखनाद यांनी लिहायला हवं होतं.

शंखनाद

सिनेटने तहाला मंजुरी १६ फेब्रुवारी १८१५ ला दिली. तोवर युद्ध चालूच होतं, न्यू ऑर्लिन्स फुकट गेलेली लढाई नव्हे. एवढं तरी माना.

तापीकाठ

कायद्याच्या दृष्टीने मानतो. त्याने तुमची 'एकी' सिद्ध होत नाही.

गोदीवाला

सगळे जमिनीवरच भांडताय. समुद्र मुंबईचा होता राव! माझे आजोबा गोदीत सुतार होते, त्यांच्याकडून लहानपणापासून ऐकलंय की अमेरिकेचं राष्ट्रगीत ज्या जहाजावर लिहिलं गेलं ते 'मिंडेन' मुंबईच्या गोदीत बांधलेलं. जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलं, १८१० साली पाण्यात सोडलं, चौऱ्याहत्तर तोफांचं. ते गीत लिहिणारा फ्रान्सिस स्कॉट की त्यावर कैदेत होता. हे कुणी सांगत नाही.

बाल्टिमोरकर

गोदीवाला भाऊ, मिंडेन मुंबईचं हे शंभर टक्के खरं. पण फ्रान्सिस की त्यावर नव्हता. तो इंग्रजांनी पकडलेल्या डॉक्टर बीन्स यांना सोडवायला तहाचा पांढरा झेंडा लावून गेला होता, आणि तोफांचा मारा त्याने स्वतःच्या अमेरिकन जहाजावरून पाहिला. इंग्रजांनी त्याला पहाऱ्यात ठेवलं होतं इतकंच. मिंडेन त्या वर्षी ॲडमिरल हूडबरोबर आपल्याकडच्या समुद्रात होतं. एकच जहाज एकाच वेळी चेसापीकच्या खाडीत आणि हिंदी महासागरात कसं असेल?

गोदीवाला

म्हणजे माझे आजोबा खोटं बोलत होते? परदेशात राहिलं की मुंबईचं काहीही मोठं वाटेनासं होतं लोकांना. वाडियांचं नाव कुठल्याही कथेत आलं की कुणीतरी खोडून काढायला हजर.

बाल्टिमोरकर

आजोबांना मी खोटं म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. जहाज कुठे होतं एवढंच सांगितलं. वाडियांचं मोठेपण सिद्ध करायला ही गोष्ट लागतच नाही. कॉर्नवॉलिस हे जहाज घ्या. तेही जमशेटजींनीच बांधलेलं, १८१३ चं. एप्रिल १८१५ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिणेला त्याने अमेरिकेच्या हॉर्नेट या युद्धनौकेचा असा पाठलाग केला की हॉर्नेटच्या कप्तानाने, बिडलने, वेग वाढवायला जवळजवळ सगळ्या तोफा समुद्रात ढकलल्या, तेव्हा ते सुटलं. मुंबईच्या सागवानापुढे अमेरिकन आरमार पळालं. हे सांगा ना अभिमानाने.

उत्तरवारा

सागवान मलबारचं, मुंबईचं नाही.

गोदीवाला

लाकूड मलबारचं, हात मुंबईचे. लाकूड आपोआप जहाज होत नाही ताई.

कॉर्नवॉलिसचं ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग हेही घ्या: इंग्लंडात हार्टलपूलला आज उभी असलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका १८१७ ची, मुंबईचीच. तिचे नकाशे ज्या जहाजातून मुंबईला निघाले होते ते वाटेत अमेरिकनांनी बुडवलं, म्हणून नकाशे दुसऱ्यांदा पाठवावे लागले आणि काम लांबलं. त्या जहाजाचं नाव जावा.

तापीकाठ

गोदीवाला, जावाचं नाव काढलंत, आता थांबता येणार नाही. मी शिरपूर तालुक्यातला. या युद्धाशी माझं नातं त्या जहाजामुळे आहे.

२९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेने जावाचा चुराडा केला. जावात मुंबईत बांधल्या जाणाऱ्या जहाजांसाठी तांब्याचे पत्रे होते, आणि एक प्रवासी होता: लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप, मुंबईच्या फौजेचा सरसेनापती म्हणून नेमलेला. अमेरिकन कप्तान बेनब्रिजने त्याला कैद केलं आणि बाहियाला उतरवून 'पुन्हा लढणार नाही' या शब्दावर सोडून दिलं. सभ्य लोकांचं सभ्य युद्ध. हिस्लॉप इंग्लंडला गेला, पुढे मद्रासच्या फौजेचा सरसेनापती होऊन हिंदुस्थानात आला.

२१ डिसेंबर १८१७, महिदपूर. होळकरांची फौज क्षिप्रेकाठी ज्याने मोडली तो हाच हिस्लॉप. मग मंदसोरच्या तहाने खानदेश इंग्रजांकडे गेला आणि २७ फेब्रुवारी १८१८ रोजी तो आमच्या थाळनेरला आला. दरवाजात झटापट झाली, इंग्रजांचे अधिकारी पडले, म्हणून आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं. खुद्द इंग्लंडच्या संसदेत त्या फाशीवर प्रश्न उठले. आमच्याकडे तापीकाठी तो पडका किल्ला आजही आहे. लहानपणी आम्ही त्याच्या बुरुजावरून नदीत उड्या मारायचो आणि तुळशीराम कोण हे एकाही मास्तरांनी सांगितलं नाही.

अमेरिकन कप्तानाशी शब्दाने वागणारा माणूस थाळनेरला असा का वागला? त्या युद्धात दोन्हीकडे स्वतःसारखी माणसं होती म्हणून. 'एकी' नव्हे शंखनाद, इंग्रज कुणाला बरोबरीचा शत्रू मानत होते हा प्रश्न आहे.

अबोली

तापीकाठ काका, थाळनेरचं वाचून अंगावर काटा आला. पण मग अमेरिकेच्या आतले 'बरोबरीचे नसलेले' इथे कुणाच्याच लिहिण्यात कसे नाहीत? शॉनी या मूळनिवासी जमातीचा पुढारी टेकुम्से वेगवेगळ्या जमातींची फळी बांधत होता. अमेरिकेचं डेट्रॉइट इंग्रजांच्या हाती पडलं त्यात त्याचा मोठा वाटा. ऑक्टोबर १८१३ मध्ये कॅनडातल्या टेम्स नदीकाठी इंग्रज पळाले, तो लढत राहिला आणि मेला. क्रीक या मूळनिवासी लोकांकडून जॅक्सनने १८१४ च्या तहात दोन कोटी एकरांहून जास्त जमीन काढून घेतली, स्वतःच्या बाजूने लढलेल्या क्रीकांचीसुद्धा. इंग्रजांनी घेंटला आधी मूळनिवासींसाठी वेगळ्या प्रदेशाची मागणी केली आणि मग ती सोडून दिली.

आणि बाल्टिमोरकर, तुमच्या किल्ल्याखालच्या खाडीतूनच हजारो गुलाम पळून इंग्रजांच्या जहाजांवर गेले, कारण तिकडे स्वातंत्र्य मिळत होतं. काही इंग्रजांच्या गणवेशात लढले, नंतर नोव्हा स्कोशियात आणि त्रिनिदादला वसले. झेंड्यावर गाणं लिहिणाऱ्या कीकडे स्वतःचे गुलाम होते. त्या रात्री त्या पळालेल्यांनी झेंडा कुठला उतरावा असं मनात म्हटलं असेल?

बाल्टिमोरकर

अबोली, कीचे गुलाम होते, हो. पण प्रत्येक धाग्यात हाच मुद्दा आणून सगळं मातीमोल करायचं का? बाबा त्या तटावर उभे होते तेव्हा त्यांना किल्ला राखणारे हजारभर शिपाई दिसत होते, फ्रान्सिस की नव्हे.

अबोली

तुमच्या बाबांना काय दिसलं ते त्यांचं. मी तुमच्या लिहिण्याबद्दल बोलतेय. जो झेंडा ते बघत होते तो शिवणाऱ्या मेरी पिकर्सगिलच्या घरी ग्रेस विशर नावाची बांधील काळी मुलगी काम करत होती. हेही त्याच किल्ल्याच्या गोष्टीत येतं.

शंखनाद

धागा भरकटला आहे. सुरुवात मराठ्यांपासून झाली, आता आपण शिवणकामावर आलो.

उत्तरवारा

भरकटला नाही. एकी म्हणालात ना? एकी टेकुम्सेने केली होती, ओहायोपासून दक्षिणेपर्यंत फिरून. तरी त्याची जमीन गेली. मग एकीचा हिशेब काय राहिला?

गोदीवाला

एक राहिलं. या युद्धाची शेवटची चकमक मुंबईच्या आरमाराची होती. ३० जून १८१५, सुंदाच्या सामुद्रधुनीत. ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीन या आरमाराचं नॉटिलस जहाज, त्याचा लेफ्टनंट बॉइस. अमेरिकेच्या पीकॉक या युद्धनौकेने त्याला झेंडा उतरवायला सांगितलं. तह झालाय, असं बॉइसने ओरडून सांगितलं, झेंडा उतरवला नाही. पीकॉकने तोफा डागल्या. मेलेल्यांत लस्कर, म्हणजे हिंदी, खलाशीही होते. दुसऱ्या दिवशी तह खरा निघाला आणि नॉटिलस परत दिलं. त्या लस्करांची नावं ना इंग्रजांच्या स्मारकावर, ना अमेरिकनांच्या, ना आपल्या. मिंडेनचा हट्ट मी सोडतो, पण यांच्यावर कुणी पोस्ट लिहिली तर वाचेन.

बाल्टिमोरकर

नॉटिलसवर मी लिहितो. पीकॉकचा कप्तान वॉरिंग्टन त्या दिवशी चुकला, हे माझ्या अमेरिकन मित्रांनाही सांगेन. मॅकहेन्रीबद्दल मात्र माझं मत तसूभरही बदललेलं नाही.

शंखनाद

हिस्लॉप आणि थाळनेरचा परिच्छेद मी माझ्या पोस्टमध्ये घालतो. 'दुसरा स्वातंत्र्यसंग्राम' हे शीर्षक काढणार नाही, आणि 'एकी' हा शब्दही नाही.

तापीकाठ

शब्द ठेवा, तुमची पोस्ट आहे. पण घेंटच्या तहाचं नववं कलम शेजारी छापा: मूळनिवासींना १८११ साली जे होतं ते परत देऊ, असं अमेरिकेने लिहून दिलं होतं. जॅक्सनने क्रीकांची जमीन परत केली नाही, लंडनने ती मागितली नाही. ते छापल्यावर एकीवर पुन्हा बोलू. अबोली, टेकुम्सेवर वेगळा धागा काढ, मी येतो.